तिसऱ्या क्रमांकाचे दोन गुण

लॅटिन म्हटले की आपल्या वडीलधाऱ्यांना जुनी मिस्सा आठवते आणि आम्हां सेमिनरीत शिकलेल्यांना व्याकरणाच्या रूपावल्या. त्या नावाचा फुटबॉलचा एक करंडकही होता, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. स्पेन, इटली, फ्रान्स आणि पोर्तुगाल या चार देशांनी, ज्यांच्या भाषा लॅटिनच्याच लेकी होत, १९४९ साली 'लॅटिन करंडक' सुरू केला. साधारणतः ज्याच्या त्याच्या देशातील विजेता संघ पाठवायचा. मोसम संपल्यावर एका यजमान देशात चार सामने व्हायचे: दोन उपान्त्य, एक तिसऱ्या जागेसाठी आणि एक अंतिम. पहिल्याला चार गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन, शेवटच्याला एक. चार स्पर्धांच्या बेरजेत ज्या देशाचे गुण अधिक, त्याचा करंडक. १९५५ मध्ये युरोपियन चषक आला आणि या आटोपशीर स्पर्धेची गरज उरली नाही. १९५७ नंतर ती बंद पडली.

मला या स्पर्धेचे अप्रूप वाटते ते तिच्या पहिल्या वर्षामुळे. युद्ध संपून उणीपुरी चार वर्षे झाली होती. १९४० मध्ये इटलीने फ्रान्सवर चाल केली होती, ती जखम अजून ओली होती. फ्रँकोच्या स्पेनमधून राजदूत परत बोलवावेत, अशी शिफारस संयुक्त राष्ट्रांनी १९४६ मध्ये केली होती. अशा वेळी या देशांचे तरुण माद्रिद आणि बार्सिलोना येथे एका चेंडूमागे धावले. खेळाने राष्ट्रे एक होतात असे मी म्हणणार नाही. तेवढा भाबडेपणा आता या वयात उरलेला नाही. तथापि गोळीऐवजी गोल मोजणे, हेही काही थोडे नव्हे.

इटलीकडून यायचा होता तो तोरिनो. त्या संघाची थोरवी एका आकड्यात सांगता येईल: ११ मे १९४७ रोजी हंगेरीविरुद्ध उतरलेल्या इटलीच्या अकरा खेळाडूंपैकी दहा जण तोरिनोचे होते. त्यांचा कर्णधार व्हालेन्तिनो माझ्झोला. बेनफिकाचा कर्णधार फ्रान्सिस्को फरेरा याच्या सन्मानार्थ ३ मे १९४९ रोजी लिस्बनमध्ये एक मैत्रीचा सामना झाला. तोरिनो तो ४-३ असा हरला. दुसऱ्या दिवशी परतताना तुरिनवर दाट धुके होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांचे विमान सुपेर्गाच्या टेकडीवरील बासिलिकेच्या मागच्या भिंतीवर आदळले. तुरिनला फ्रेंचांचा वेढा पडला असताना १७०६ मध्ये ड्यूकने केलेल्या नवसातून उभे राहिलेले हे मंदिर. विमानातील एकतीसही जण गेले. त्यांत अठरा खेळाडू होते. इटलीला दोनदा विश्वचषक जिंकून देणारे प्रशिक्षक व्हित्तोरिओ पोझ्झो यांच्यावर देह ओळखण्याची वेळ आली. ज्यांना त्यांनी राष्ट्राच्या संघात निवडले, त्यांनाच त्यांनी एकेक करून ओळखले. गुडघ्याच्या दुखण्यामुळे घरी राहिलेला साउरो तोमा वाचला.

आठवडे सरले. साखळीतील उरलेले चार सामने तोरिनोने आपल्या युवा खेळाडूंना उतरवून पुरे केले. समोरच्या चारही संघांनी आपलीही मुलेच उतरवली. चारही सामने तोरिनोने जिंकले. आणि मग, अपघाताला दोन महिनेही झाले नव्हते, तोच तोरिनो लॅटिन करंडकासाठी स्पेनला गेला.

जावे की न जावे? मला हा प्रश्न खेळाचा वाटत नाही. माझ्या पूर्वीच्या एका धर्मग्रामात एका घरचा थोरला मुलगा अपघातात गेला. महिन्याच्या मिस्सेनंतर धाकटा माझ्याकडे सॅक्रिस्टीत आला आणि खाली मान घालून विचारू लागला, "फादर, रविवारी गावची मॅच आहे. मी खेळलो तर लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील ते मला चांगले ठाऊक होते, आपल्या गावांत शोकाचा हिशेब शेजारीच ठेवतात. मी त्याला आईला विचारायला सांगितले. आईने भावाचे बूट काढून दिले. ते त्याला थोडे मोठे होत होते.

म्हणून मी म्हणतो, तोरिनो गेला ते योग्यच झाले. मृतांची आठवण ठेवण्याची एक रीत शांत बसण्याची असते आणि दुसरी त्यांचे अर्धे राहिलेले काम उचलण्याची. कामाला अर्थात मेलेल्यांची सर येत नाही. माद्रिदमध्ये लिस्बनच्याच स्पोर्टिंगने तोरिनोला ३-१ असे हरवले. तिसऱ्या जागेसाठी फ्रान्सच्या रॅन्सशी गाठ पडली आणि तो सामना तोरिनोने ५-३ असा जिंकला. ३ जुलैला बार्सिलोनाने स्पोर्टिंगला २-१ ने नमवून करंडक नेला. इटलीच्या खात्यावर दोन गुण पडले. चार वर्षांनी बेरीज झाली तेव्हा स्पेन पुढे होता; त्या दोन गुणांनी काही बदलले नाही.

सुपेर्गावर आजही दर ४ मे रोजी मिस्सा होते आणि तोरिनोचा त्या वेळचा कर्णधार स्मृतिशिलेपाशी उभा राहून सगळी नावे वाचतो. माझ्झोलाचा मुलगा सांद्रो तेव्हा सहा वर्षांचा होता. पुढे मिलानच्या इंटर संघातून खेळून त्याने १९६४ आणि १९६५ असा लागोपाठ दोनदा युरोपियन चषक जिंकला.

१९५० मध्ये विश्वचषकासाठी ब्राझीलला जायचे होते. इटलीचा संघ विमानाने गेला नाही, बोटीने गेला. पहिलाच सामना स्वीडनशी ३-२ असा हरून विश्वविजेते घरी परतले. त्यांना कोणी भित्रे म्हटले असेल, तर मी त्यांत नाही.