तीन आरटीओ आले

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "भाऊजी, आज पुन्हा तीन आरटीओ आले."

मी नागपुरात वाढलो. आमच्या लेखी आरटीओ म्हणजे अमरावती रोडवरचे गिरीपेठेतले परिवहन कार्यालय, वाहन परवान्याची परीक्षा आणि गाडीच्या पाटीवरचा एमएच-३१. हे तीन आरटीओ एकाच दिवशी वहिनींच्या महालातल्या घरी कशासाठी आले असतील, हे मला उमजेना. मी तसे विचारलेही. त्या हसल्या. "ते नव्हे हो. साड्या परत आल्या."

वहिनी मोहाडीकडच्या कोशाच्या साड्या विकतात. चुलतभाऊ गेल्यावर त्यांचे छोटे दुकान बंद झाले. तेव्हा भाचीच्या मदतीने वहिनींनी दोन-तीन मोठ्या ऑनलाइन बाजारांवर नाव नोंदवले. तिथे आरटीओ म्हणजे 'रिटर्न टू ओरिजिन'. माल गेला, गिऱ्हाइकाने घेतला नाही, निघाला होता तिथे परतला. गिऱ्हाईक घरी नव्हते, त्याचे मन बदलले, की दारात द्यायचे पैसे त्या दिवशी हाताशी नव्हते, याचा त्या तीन अक्षरांत मागमूस नसतो. साडी परत येते, घडी विस्कटलेली असते आणि सणाचे आठ-दहा दिवस हातचे गेलेले असतात.

त्या संध्याकाळी मी महालात गेलो, तेव्हा वहिनींनी त्यांची वही दाखवली. दोनशे पानी, किराण्याच्या हिशेबाला वापरतात तशी. डाव्या बाजूला इंग्रजी आद्याक्षरे देवनागरीत लिहिलेली आणि उजवीकडे त्यांचे अर्थ. मी मराठीचा प्राध्यापक. कोशरचनेवर वर्गात बोलून माझी हयात गेली. पण इतकी नेटकी कोशनोंद माझ्या हातून झाल्याचे आठवत नाही. 'सीओडी : दारात पैसे. भरवसा नाही.' 'आरटीओ : घेतलं नाही, परत.' 'टीसीएस : सरकारसाठी आधीच कापतात, मग आपल्या खात्यात दिसतात.' मिहानमध्ये ज्या कंपनीत भाची नोकरीला लागावी अशी त्यांची इच्छा आहे, तिचेही नाव टीसीएसच. पण वहीत त्याचा गोंधळ नव्हता. कोणता शब्द कोणत्या प्रसंगाचा, हे त्यांना चोख ठाऊक होते.

पुढच्या पानावर मात्र मी थबकलो. तिथे तीन नोंदी एकाखाली एक होत्या.

'एएसआयएन : त्यांनी ठेवलेलं नाव.'
'एचएसएन : सरकारनं ठेवलेलं नाव.'
'एसकेयू : आपण ठेवलेलं नाव.'

यातला पहिला क्रमांक अ‍ॅमेझॉनचा. दहा अक्षर-अंकांचा, सूचीतल्या प्रत्येक वस्तूला मिळणारा. फ्लिपकार्टचा याच कामाचा क्रमांक निराळा, त्याला एफएसएन म्हणतात. ग्रंथप्रेमींना यात एक ओळखीची खूण सापडेल. पुस्तक असेल तर त्याचा दहा अंकी आयएसबीएन हाच त्याचा एएसआयएन होतो. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन तेरा अंकी झाला, तरी त्या बाजाराने पुस्तकाचे जुने नाव जपले आहे. त्या बाजाराची सुरुवातच पुस्तकांपासून झाली होती, त्याची ही खूण.

दुसरा क्रमांक जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या वर्गीकरणाचा. हे वर्गीकरण १९८८ पासून जगभर अमलात आहे. आपल्याकडच्या सामान्य दुकानदाराच्या पावतीवर ते आले २०१७ च्या जुलैत, जीएसटीबरोबर. रेशीम पन्नासाव्या प्रकरणात येते आणि रेशमाचे विणलेले कापड ५००७ या शीर्षकाखाली. मोहाडीचा कोसा, बनारसी आणि कांजीवरम या दप्तरात एकाच अंकाखाली गुण्यागोविंदाने नांदतात.

आणि साडी स्वतः काय आहे? तिच्या काठाला करवतीचे दाते असतात म्हणून ती करवत काठी. हा काठ छापलेला नसतो, वरून भरलेलाही नसतो. तीन धोटे चालवून काठाचा आडवा धागा अंगाच्या धाग्यात गुंतवत दाता उभा करावा लागतो. विदर्भातल्या बायका हा शब्द कौतुकाने उच्चारतात, लग्नाच्या याद्यांत तो असे. वहिनी बाजाराच्या तक्त्यात माहिती भरू लागल्या तेव्हा काठाच्या रकान्यात निवडायला दहा-बारा नावे होती, करवत त्यांत नव्हती. त्यातल्या त्यात जवळचे म्हणून त्यांनी 'टेम्पल बॉर्डर' निवडले. करवतीचे देऊळ झाले. मी हळहळलो. वहिनी म्हणाल्या, "शोधणारे तेच शोधतात, भाऊजी. करवत लिहिली तर साडी कोणाला सापडणार नाही."

आद्याक्षरांचे आपल्याला वावडे होते असे मुळीच नाही. आमच्या पिढीने पत्रे लिहिली ती 'सा. न. वि. वि.' या चार अक्षरांनी सुरू करून. वडिलांना 'ती.', धाकट्याला 'चि.' आणि 'अ. उ. आ.', शेवटी हमखास 'ता. क.', पाकिटावर 'मु. पो.'. या अक्षरांत काटकसर होती. पण काटकसर झाली ती नात्याच्या उच्चाराची, नात्याची नव्हे. 'सा. न.' लिहिताना साष्टांग नमस्कार मनात होत असे, निदान कोणाला करायचा हे ठाऊक असे. आरटीओत परत पाठवणारा कोण आणि परत घेणारा कोण, दोघेही नाहीत. फक्त वाट आहे, गेलेली आणि आलेली.

याच विदर्भात एका पंथाने अक्षरे बदलून आपले वाङ्मय राखले. महानुभावांच्या सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे येई. शतकानुशतके त्या पोथ्या बाहेरच्यांना वाचता आल्या नाहीत. पुढे वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा प्राचीन मराठी गद्याचे दालन अभ्यासकांपुढे उघडले. बैलबाजारातली करपल्लवीही अशीच. उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरायचा, चार पावलांवर उभ्या माणसाला तो कळत नसे. या सांकेतिक भाषांचा हेतू उघड होता. दडवायचे होते म्हणून दडवले. विक्रेत्यांच्या आद्याक्षरांत दडवण्याचा हेतू दिसत नाही, त्यांचे अर्थ कोणीही शोधू शकतो. तरीही त्यांच्या आड काहीतरी दडतेच. काय दडते, ते मला पुढच्या महिन्यात कळले.

एक साडी गिऱ्हाइकाकडे पोचली आणि आठवड्याने परत आली. खोके तेच, वरचे लेबल तेच. आत मात्र जुनी, धुतलेली, पॉलिस्टरची साडी. कोशाची साडी विणायला लागलेले दिवस आणि वहिनींनी आगाऊ दिलेले पैसे, दोन्ही गेले. बाजार कोणता, हे इथे महत्त्वाचे नाही. वहिनींनी छायाचित्रे पाठवली. तक्रारीचा मसुदा मी लिहिला, मोठ्या हौसेने, पूर्ण वाक्यांत, कर्ता-कर्म-क्रियापद सांभाळून. दोन ओळींचा नकार आला. त्याच सुमारास वहिनींच्या खात्यावरचा ओडीआर वाढला, कारण 'चुकीची वस्तू मिळाली' अशी त्या गिऱ्हाइकाची तक्रार नोंदली गेली होती. वहीत त्याची नोंद होती : 'ओडीआर : आपली चूक किती.'

'ऑर्डर डिफेक्ट रेट' या शब्दांचे इतके अचूक मराठी मला सुचले नसते. सदोष ऑर्डरींचे प्रमाण म्हणजे विक्रेत्याचा दोष, असेच ते वाचायचे असते. मला मात्र ती तीन अक्षरे आणखी कुठेतरी वाचल्याचे आठवत होते. शोधल्यावर सापडले. कायद्याच्या परिभाषेत ओडीआर म्हणजे 'ऑनलाइन डिस्प्यूट रिझोल्यूशन', घरबसल्या तंट्याचा निवाडा. नीती आयोगाने २०२१ मध्ये त्यावर सविस्तर अहवाल काढला आहे. एकाच तीन अक्षरांत एका दप्तरी दोष आणि दुसऱ्या दप्तरी दाद. मी हे वहिनींना उत्साहाने सांगितले. त्यांनी वही उघडली आणि जुन्या नोंदीखाली लिहिले : 'दुसरा अर्थ : दाद मागणे. कुठे, ते भाऊजींना विचारायचे.'

मी अजून त्याचे उत्तर शोधतो आहे. ग्राहकाने कुठे जावे, हे सांगणारे पुष्कळ भेटले. वहिनी मात्र या व्यवहारात ग्राहक नाहीत.

मध्यंतरी मी या परिभाषेला मराठी पर्याय काढायला बसलो होतो. 'मूळस्थानी परत', 'साठा-एकक' असे काही. वहिनींनी ऐकून घेतले आणि विचारले, "पार्सल न्यायला येतो त्या पोराशी बोलताना कोणतं म्हणू?" मी यादी खिशात ठेवली. भाषा त्यांनी आपलीशी केलीच आहे. आरटीओ त्यांच्याकडे 'येतो', साड्या 'आरटीओत' जातात. लिंग, वचन, विभक्ती सारे बिनचूक. त्यांचे अडते ते शब्दापाशी नव्हे.

परवा त्या नवीन साड्यांना एसकेयू देत होत्या. हे एकच नाव विक्रेत्याने ठेवायचे असते, आणि गिऱ्हाइकाला ते दिसतही नाही. मी वाकून पाहिले. आधी विणकराच्या नावाची दोन अक्षरे, मग 'करवत', मग आकडा. ही पद्धत कशासाठी, असे मी विचारले.

"परत आली तर कोणाची ते कळायला नको?" त्या म्हणाल्या आणि पुढच्या साडीची घडी पुढ्यात ओढली.