भुयार, कोडे आणि महाबलासुर

मराठवाड्यात वाढलेल्या मुलास भुयार म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात औंढ्याच्या नागनाथाचे गर्भगृह जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांवरून, मान लववून, एकेकट्यानेच तेथे उतरावे लागते. देवगिरीच्या किल्ल्यातील ‘अंधारी’ तर आपल्यापैकी पुष्कळांनी सहलीच्या निमित्ताने पाहिलीच असेल. खडकात कोरलेली ती काळोखी वाट मध्येच वळते, मध्येच चढते, आणि नवख्या माणसाला आपण कोठे निघालो याचा पत्ताच लागू देत नाही. तिच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण असे, व त्यावर जाळ करून आतल्या शत्रूस धुराने कोंडीत, असे तेथील वाटाडे सांगतात. ज्याने ही वाट रचली त्याला शत्रूला केवळ अडवावयाचे नव्हते. त्याला गोंधळात पाडून, विचार करावयास लावून थकवावयाचे होते. भिंत बळाने फोडता येते, परंतु कोडे बळाने सुटत नाही, हे मर्म त्या कारागिरास ठाऊक होते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी जे संगणकावर खेळ खेळतात त्यांना हे वर्णन वाचून निराळीच एखादी जागा आठवली असेल, व त्यात नवल नाही. इ. स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू एखाद्या वीराची किंवा मांत्रिकाची भूमिका घेतो, आणि कागद, फासे व कल्पनाशक्ती एवढ्या साहित्यावर भुयारांतून हिंडतो. भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळांची जी परंपरा आज जगभर पसरली आहे, तिचा उगम हा होय.

परंतु शिक्षकास विशेष मौज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. त्या काळी इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची एक संगणकव्यवस्था होती, व ती १९६० पासून केवळ अध्यापनाच्या हेतूने वाढविण्यात येत होती. १९७५ साली तिच्यावर एका तरुणाने भुयाराचा खेळ रचला, आणि तो कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्याला ‘पेडिट-५’ असे पाठाच्या फायलीस शोभेलसे रुक्ष नाव राहू दिले. व्यवस्थापक तो पुसून टाकीत आणि तो पुन्हा प्रकट होई. त्याच वर्षी त्याच यंत्रणेवर गॅरी व्हिझनहंट व रे वुड यांनी ‘डीएनडी’ हा खेळ केला. त्यात भुयाराच्या शेवटी एक सोनेरी ड्रॅगन बहुमोल गोलक राखीत बसलेला असे. प्रवासाच्या टोकाशी वाट अडवून उभा राहणारा जो बलाढ्य शत्रू, त्याला खेळाडू ‘बॉस’ म्हणतात. आणि संगणकाच्या खेळांतील पहिला बॉस म्हणून पुष्कळदा या ड्रॅगनचेच नाव घेतले जाते. म्हणजे या बॉसमहाशयांचा जन्म बाजारात झाला नाही, तर मुलांना शिकविण्यासाठी उभारलेल्या यंत्रात झाला! हे वाचल्यापासून परीक्षेचे आणि बॉसचे नाते मला अगदीच दूरचे वाटत नाही.

हा विषय घेण्यास कारण घडले ते असे. माझा पुतण्या दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे हिंगोलीस राहावयास आला. त्याचे वय तेव्हा तेरा वर्षांचे. त्याचे वडील, म्हणजे माझे धाकटे बंधू, आजारात दगावले होते. थोरली बहीण मिरजेस परिचारिकेचे शिक्षण घेत होती, आणि आई नोकरीमुळे आपले गाव सोडू शकत नव्हती. मुलगा आज्ञाधारक होता. शाळेत जाई, जेवे, प्रार्थनेस आमच्याबरोबर बसे. परंतु तो बोलत नसे. गणिताचे उदाहरण पहिल्या पायरीशी अडले की तो वही मिटून ठेवी. त्याला रागे भरून पाहावे तर तो रडतही नसे, आणि समजावून सांगावे तर “हो काका” याखेरीज दुसरे उत्तर येत नसे. माझ्या पत्नीने त्याच्या आवडीचे पदार्थ करून पाहिले. मी त्याला सायंकाळी कयाधूच्या काठाने फिरावयास नेऊन पाहिले. दार आतून बंद होते, आणि ते कोठून उघडते हे आम्हा उभयतांस कळत नव्हते.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या बहिणीने त्याच्यासाठी एक खेळ विकत घेऊन दिला. त्याचे नाव ‘राजी’. हा खेळ पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळीने तयार केला असून तो २०२० साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या पारितोषिकांत पहिलेपणाच्या उत्तम खेळांच्या यादीत त्याचे नाव झळकले, आणि २०२२ साली त्याची सुधारलेली आवृत्ती हिंदी संवादांसह निघाली. काटेकोरपणे पाहता तो भूमिकेचा नव्हे, तर पराक्रमाचा खेळ होय. तथापि वाट शोधणे, कोडे सोडविणे, शक्ती मिळवीत जाणे व शेवटी महाशत्रूस तोंड देणे हा क्रम त्यातही तोच आहे. राजी ही सर्कशीत कसरती करणारी एक मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात, आणि ती त्याच्या शोधास निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचे धनुष्य तिला लाभते, आणि दुर्गा व विष्णू यांच्याच संवादातून तिची कथा आपल्या कानी पडते. ख्रिस्ती घरातील मुलगा ही कथा ऐकत होता. शेजारच्या अंगणात लहानपणापासून कानांवर पडलेल्या गोष्टी आदराने ऐकाव्यात, अशीच आमच्या घरची रीत आहे.

बहिणीने पाठविलेला, आणि भावास शोधणाऱ्या बहिणीचा खेळ! तिने तो जाणून निवडला की नाही, हे मी तिला विचारले नाही.

प्रारंभी तो एकटाच खेळे. मी जवळ खुर्ची घेऊन उत्तरपत्रिका तपाशीत बसे. एके सायंकाळी तो एका कोड्यापाशी अडला. राजीच्या वाटेत काही ठिकाणी एकात एक बसविलेल्या वर्तुळाकार चकत्या असतात. त्यांवरील चित्र भंगलेले असते, आणि एकेक चकती फिरवून ते जुळवावयाचे असते. एक चकती फिरविली की जुळलेले दुसरीकडे बिघडते. त्याने दहा-बारा वेळा घाईघाईने फिरवाफिरव केली, आणि वही मिटावी तसा तो हात काढून घेणार, इतक्यात मी विचारले, “अरे, कोणती चकती कोणाला हलविते, हे आधी पाहू या का?” मग आम्ही चित्र जुळविण्याचा हव्यास सोडला आणि केवळ यंत्र समजावून घेतले. ही फिरविली तर काय हलते, ती फिरविली तर काय स्थिर राहते, एवढेच तो मोठ्याने सांगू लागला. थोड्या वेळाने चित्र आपोआप जुळून आले. ते राजी आणि गोलू यांच्या पूर्वायुष्यातील आठवणीचे चित्र होते. तो ते पुष्कळ वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “काका, ही आठवण आधी तुटलेली होती.” त्या सुट्टीत त्याने आपणहून उच्चारलेले पहिले वाक्य ते हे.

यानंतर माझी खुर्ची त्याच्या शेजारी सरकली. माझी बोटे त्या कामी मंद. म्हणून खेळणारा तो आणि टिपणे ठेवणारा मी, अशी कामाची वाटणी ठरली. अखेर आम्ही महाबलासुरापुढे येऊन ठेपलो. हा या खेळातील शेवटचा शत्रू. त्याच्यापुढे राजीची मूर्ती इतकी लहान दिसते की, प्रथमदर्शनी विजयाची आशाच वाटू नये. पहिल्या खेपेस ती फार वेळ टिकली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसही तेच झाले. परंतु अशा शत्रूंच्या रचनेत एक नियम असतो, व तो चतुर रचनाकाराने मुद्दाम ठेविलेला असतो: आघात करण्यापूर्वी शत्रूच्या हालचालीत त्याची खूण उमटते. जो केवळ शस्त्र चालवितो त्याला ती दिसत नाही. जो क्षणभर हात आवरून पाहतो त्यालाच ती दिसते. आम्ही वहीत दोन रकाने आखले. एकात खूण, दुसऱ्यात तिच्यावरील उपाय. दर पराभवानंतर एखादी ओळ वाढे. दावीदाने शौल राजाचे चिलखत अंगाला न सवकलेले म्हणून उतरवून ठेविले आणि हाताच्या परिचयाची गोफण घेतली, ही कथा त्याला ठाऊक होतीच. त्यानेही नवनव्या शस्त्रांचा मोह सोडला आणि हाताला बसलेल्या त्रिशूळावर भर दिला.

चार सायंकाळी आम्ही हरलो. मोजून सतरा वेळा. सतराव्या पराभवानंतर राजी थोड्या मागच्या जागी पुन्हा उभी राहिली, तेव्हा त्याने यंत्रावरचे हात खाली ठेविले आणि पडद्याकडे पाहतच म्हणाला, “काका, इथे मेलेला थोडा मागे जाऊन परत उठतो. पप्पा का नाही उठले?”

वाचकहो, वीस वर्षे वर्गात उभा राहून मी पुष्कळ प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. पुनरुत्थानाची आशा आम्हांस शिकविलेली आहे, आणि ती माझी श्रद्धा आहे. परंतु त्या क्षणी त्या मुलास धडा नको होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेविला आणि त्याच्या वडिलांच्या लहानपणाच्या गोष्टी सांगू लागलो. हळदीच्या हंगामात शिजत्या हळदीच्या वाफेत आम्ही दोघे भाऊ कसे उभे राहत असू, आणि अंगणातली हळद सांडल्याबद्दल मार खाण्याची पाळी आली असता त्याने माझे नाव कसे लपविले, हे सांगितले. तो रडला; मीही रडलो. माझी पत्नी स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली आणि काही न बोलता तेथेच बसली. त्या रात्री खेळ पुढे झाला नाही.

महाबलासुर दुसऱ्या दिवशी पडला. विजयाचा मोठा जल्लोष झाला असे मात्र नाही. या खेळाचा शेवट एकाएकी होतो, अशी पुष्कळांची तक्रार आहे, आमच्या घरीही “इतक्यात संपले?” असा प्रश्न निघालाच. त्याने मिरजेस बहिणीला दूरध्वनी केला आणि जवळजवळ अर्धा तास तो तिला आपला पराक्रम सांगत होता. पलीकडून ती काय बोलली ते मला ऐकू आले नाही, परंतु तो मध्येच मोठ्याने हसला, तो आवाज मात्र आम्ही दोघांनी ऐकला.

शाळा सुरू झाल्यावर तो गणितात पहिला आला, असे सांगून मी या गोष्टीस खोटा रंग देणार नाही. तो अजूनही मध्यम विद्यार्थी आहे. परंतु त्याच्या गणिताच्या वहीच्या अखेरच्या पानावर आता दोन रकाने आखलेले असतात: उदाहरणात अमुक शब्द आला तर तो कशाची खूण, आणि तेथे कोणती रीत लावावी. वही मिटावयाची त्याची सवय मोडली आहे. चुकलेले उदाहरण खोडून न टाकता तो त्याखाली एक ओळ ओढतो, आणि पुन्हा आरंभ करतो.

पालकांनी यावरून खेळांची सरसकट स्तुती ऐकावी, असा माझा आशय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ च्या जानेवारीपासून अंमलात आली, आणि तीत खेळाच्या अनावर व्यसनास आजार म्हणून स्थान मिळाले आहे. झोप, अभ्यास, मैदान आणि माणसे यांना पारखे करणारा खेळ घरात नसावा, आणि पैसे मागणाऱ्या खेळापासून तर मुलांना दूरच ठेवावे. आमच्या घरी दिव्यात वीज असो वा नसो, सायंकाळचा एक तास एवढीच मर्यादा होती, आणि ती महाबलासुरापुढेही मोडली नाही. परंतु मुलगा पडद्यापुढे बसला आहे एवढ्याच कारणाने त्याच्यावर खेकसण्यापूर्वी एक खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसावे, आणि “तू कोठे अडलास?” एवढे विचारावे. पुष्कळदा तो खेळातच अडलेला असतो. पण कधी कधी तो दुसरीकडेच कोठे तरी अडलेला असतो, व ते सांगण्यास त्याला वाट सापडत नसते.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेच सांगावयाचे की, भुयारात उतरताना मान लववावी, घाईने चकत्या फिरवू नयेत, आणि शत्रू कितीही मोठा दिसला तरी त्याची खूण दिसेपर्यंत डोळे उघडे ठेवावेत. अंधार फारच दाटला, तर सोबतीला कोणास तरी हाक मारावी. देवगिरीची अंधारीदेखील सहलीस गेलेली मुले एकमेकांचा हात धरूनच पार करतात.