बियाण्याचे धान

गेल्या आषाढात, रोवणी ऐन भरात असताना, ताईला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. जवाहरनगरच्या पेट्रोल पंप थांब्यावरून गाडी करून आम्ही तिला दवाखान्यात नेले. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी! श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात. काचेच्या पेटीकडे पाहत आईने विचारले, "तू त कालेजात जातं ना, सांग बरं, पोरगी असी काऊन करून राह्यली?"

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. पण मी पडले कला शाखेची. काय सांगणार?

डॉक्टर एवढेच म्हणाले, "फुफ्फुस अजून तयार व्हायचे आहे." फुफ्फुस तयार होते म्हणजे काय होते? ते वाक्य मला स्वस्थ बसू देईना. ग्रंथालयात विज्ञानाच्या कपाटापुढे मी प्रथमच उभी राहिले.

उमजले ते असे. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात अन्नमार्गाच्या आद्य नळीला एक कोंब फुटतो. त्याला फांद्या फुटत जातात. फांद्यांच्या शेंड्यांवर मूळ पेशी असतात. पुढची वाढ त्यांच्यातून होते. शेवटी वायुकोश घडतात. त्यांत दोन तऱ्हेच्या पेशी. काही पातळ, पसरट. त्यांच्यातून प्राणवायू रक्तात जातो. काही ठेंगण्या, त्या सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ करतात, म्हणून श्वास सोडताना वायुकोश मिटून जात नाहीत. हे काम २४व्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. पुरेसे व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. अपुऱ्या दिवसांची बाळे या पदार्थावाचून गुदमरतात, हे मेरी एलन एव्हरी या डॉक्टर बाईंनी १९५९ साली दाखवून दिले.

आणखी एक नवल! याच ठेंगण्या पेशी वेळ आली की विभागतात, त्यांतल्या काही पातळ पेशी बनतात आणि काही तशाच राखून राहतात. हे वाचले अन् मला आजीची ढोली आठवली. घरात चूल पेटली नाही तरी बियाण्याच्या धानाला ती कुणाला हात लावू देत नसे.

ताईच्या सासरी कुजबुज चालली होती, 'हिनंच जड उचललं असंल.' ताई भिंतीकडे तोंड करून पडे. त्या रात्री मी तिच्याजवळ बसले. म्हटले, "ताई, तुझ्या पोरीच्या छातीत बियाणं आहे. पीक यायचं होतं, त्याच्या आधीच ती आली. यात तुझा काय गुन्हा?" ताई कितीतरी दिवसांनी रडली.

बाळाच्या श्वासनळीत औषध सोडले, नाकाशी नळी लावली. महिनाभराने ती घरी आली. आता बसू लागली आहे. तिचे वायुकोश अजून वाढतच आहेत. जन्मानंतरही काही वर्षे ते नव्याने घडत राहतात म्हणे.

परवा भुकेने तिने असा टाहो फोडला की शेजारीण धावत आली. आई मात्र हसत होती. म्हणाली, "रडू दे वो. श्वास पुरते तिले."