ओट्यावरची खूण

26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर मला महिनाभर कच्छमध्ये कामगिरीवर पाठवण्यात आले. मदतीच्या मालमोटारी एकामागून एक येत होत्या. परंतु कोणत्या गावाला काय पोहोचले आणि कोणते अजून उपाशी आहे, हे कुठल्याही एका वहीत सापडत नव्हते. त्याच वर्षी गुजरातने आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापले, 2003 मध्ये कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी आला. आम्हा अधिकाऱ्यांची प्रशिक्षणे सुरू झाली आणि पुढे एका तालुक्याचा आपत्ती आराखडा माझ्याकडे आला. तो दर मे महिन्यात ‘अद्ययावत’ होई, म्हणजे मुखपृष्ठावरचे साल बदले. एकदा रंगीत तालमीसाठी यादीतल्या पोहणाऱ्यांना बोलावणे धाडले, तेव्हा त्यांतील एक जण वारून तीन वर्षे झाल्याचे कळले. आराखड्याखाली सही माझीच होती.

निवृत्तीनंतर बडोद्यात विश्वामित्रीच्या काठी राहू लागलो. नदी उगवते पावागडाच्या डोंगरात. सयाजीराव महाराजांनी शहराच्या पाण्यासाठी बांधलेल्या आजव्याचे जादा पाणीही अखेर तिच्यातच उतरते. त्यामुळे शहरात उघडीप असली, तरी वरच्या अंगाच्या पावसाने काही तासांनी नदी फुगते. हे काही तास हीच आपली पुंजी. 31 जुलै 2019 रोजी बडोद्यात एका दिवसात 20 इंचांच्या आसपास पाऊस कोसळला. काळ्या घोड्याच्या पुलावरची पातळी वारंवार कळवली जात होती. शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या काकूंनी विचारले, “अहो भाऊ, काळ्या घोड्याला अठ्ठावीस फूट म्हणजे माझ्या ओट्यावर किती?” इतकी वर्षे नोकरी करून मला उत्तर देता आले नाही.

पाणी ओसरल्यावर भिंतींवर गाळाच्या रेघा उरल्या होत्या. त्या धुतल्या जाण्याआधी आम्ही मोजल्या. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन घराघराची उंची जुळवली. कोणत्या वेळी पाणी कोणत्या पायरीला होते, हे मुलांच्या मोबाइलमधल्या छायाचित्रांवरून कळले. मग कुंपणाच्या भिंतीवर तैलरंगाने पुलावरचे फूट लिहून काढले. एका कार्यालयाला टिपण दिले. ‘नोंद घेतली’ असे उत्तर आले. (असे उत्तर मीही पुष्कळांना दिले आहे.)

ऑगस्ट 2024 मध्ये नदी 35 फुटांच्या वर, 2019 च्याही पुढे गेली. काकूंच्या अंगणात पाणी शिरण्यापूर्वीच दोन मुलांनी त्यांना खुर्चीसकट वरच्या मजल्यावर नेले होते. मात्र तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी सर्वांत वरची खूण पाहिली आणि घराची कागदपत्रे तिच्याहून वीतभर उंच फळीवर निर्धास्त ठेवली. ती सारी भिजली. त्यांना दोष कसा देऊ? पाणी याहून वर चढत नाही, असेच माझी भिंत त्यांना सांगत होती.

नवी रेघ आता रंगवली आहे. तिच्या डोक्यावर एक बाण काढला आहे, वर तोंड केलेला.