साडीगार्ड

गाडी घेतली तेव्हा तिला साडीगार्ड नव्हतं. हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. आलं ते अम्मीच्या.

आम्ही म्हणजे मियाँबीवी. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, दुसऱ्याचं चिपळूणच्या बाजारात कापडाचं छोटं दुकान. गाडी दोघांची आणि हा लेखही दोघांचा, म्हणून 'आम्ही'. कुठलं वाक्य कुणाचं ते आमच्या घरच्यांना ओळखू येईल, वाचकांनी त्या भानगडीत पडू नये.

२०२१ साल आमच्याकडे कुणी विसरणार नाही. २२ जुलैला वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचं पाणी बाजारपेठेत घुसलं. दुकानातला ईदसाठी भरलेला आणि न खपलेला सगळा माल पाण्याखाली गेला. पाणी उतरलं, पण मागे गाळ राहिला. पुढचे कित्येक महिने आम्ही तो काढत होतो. कापडाच्या ठाणांतून, शटरच्या खोबणीतून, गल्ल्याच्या कुलपातून. वाळला की पिठासारखा मऊ होतो आणि बोटाला चिकटून बसतो. त्याचा रंग आणि वास आम्हाला झोपेतही ओळखू येईल.

त्यातून सावरतोय तोवर एस.टी.चा संप सुरू झाला. डिसेंबरात पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरू लागले, आणि आमची शाळा डोंगरावरच्या धनगरवाडीत. एरवी एस.टी. खालच्या फाट्यापर्यंत सोडायची, पुढे साडेचार किलोमीटर चढ. त्यातला निम्मा रस्ता कच्चा. जांभ्याचे सुटे दगड आणि पावसाच्या पाण्यानं पाडलेल्या चरी. दीड वर्ष घरी बसलेली पोरं, त्यांच्याकडे ना मोबाईल ना रेंज. बाई आल्या नाहीत तर शाळा भरत नाही इतका साधा हिशेब. आम्ही घरची स्कूटर नेऊन पाहिली. तिची चाकं एवढीशी, चरीत उतरली की तिथंच बसायची, आणि पोटाला दगड लागला की आतून आपल्याच पोटात कळ यायची.

मग डांबरी आणि कच्ची अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारी मोटरसायकल बघायला लागलो. हीरोची एक्सपल्स २०० ही मे २०१९ मध्ये बाजारात आलेली. इंजिन १९९.६ सी.सी.चं, पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची, पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर. चाक जितकं मोठं तितकं ते खड्ड्यात कमी उतरतं, दगडावर चढतंही सहज. बैलगाडीचं चाक एवढं थोरलं का असायचं, हे आम्हाला त्या निमित्तानं कळलं. नवी घेण्याची ताकद नव्हती. पुरानंतरच्या त्या दिवसांत जुन्या गाड्या स्वस्त मिळत होत्या. का मिळत होत्या हेही सगळ्यांना माहीत होतं.

गाडी एका हौशी पोराची होती. तो म्हणाला, "पुराची नाही हां. त्या दिवशी गाडी वर मामाकडे होती." आम्ही सीट उचललं. बॅटरीच्या खालच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. बोटावर पीठ आलं. काही बोललो नाही, नुसतं बोट त्याच्यासमोर धरलं. पोरगं भलं होतं, मान खाली घालून म्हणालं, "सीटच्या खालपर्यंतच होतं पाणी." आम्ही किंमत पाडून घेतली आणि गाडीही घेतली. पुरात बुडालेल्या दुकानदाराला पुरात बुडालेली गाडी नाकारणं जमेना, असंही असेल.

कागदपत्रांबाबत एवढंच सांगतो की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गप्प बसू नका. घेणाऱ्यानं तीस दिवसांत आर.टी.ओ.कडे नोंद करायची असते. नोंदीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईच्या वेळी मालक तोच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. विकणाऱ्यानं तर हे अधिक लक्षात ठेवावं.

संध्याकाळी गाडी अंगणात लावली. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. "एवढी उंच? भाभी चालवणार?" वगैरे झालं. शेवटी अम्मी बाहेर आली. गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला थांबली आणि म्हणाली, "हिची जाळी कुठंय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ती आत निघून गेली.

१९९६ ची गोष्ट. दापोलीचं लग्न उरकून फुफी आणि फुफा मोटरसायकलवरून परत येत होते. फुफी मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली. अंगावर अम्मीची जरीची ओढणी, लग्नापुरती मागून घेतलेली. गाडीचं साडीगार्ड कधीतरी निघालेलं, पुढच्या वेळी बसवू म्हणून राहून गेलेलं. खेडच्या दिशेनं उतरताना ओढणीचं टोक मागच्या चाकात गेलं. फुफाला मागे झटका बसल्यासारखं वाटलं, त्यानं ब्रेक मारला, पण चाकाच्या एका फेऱ्यात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. फुफी तिथंच गेली. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. ओढणीचं नाव पुन्हा घरात कुणी काढलं नाही. अम्मी त्यानंतर रिक्षात बसली, एस.टी.त बसली, एकदा टेम्पोच्या हौद्यातही बसली. मोटरसायकलवर बसली नाही.

आम्हाला हे सगळं माहीत होतं. तरी गाडी बघताना आम्ही चाकाचे इंच मोजले, इंजिन ऐकलं, गाळ शोधला, आणि ती रिकामी जागा मात्र दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पोराला फोन केला. साडीगार्ड कुठंय? तो हसला. म्हणे, ते तर पहिल्याच दिवशी काढलं, 'ऑफ-रोड'वाले सगळेच काढतात. चिखल अडकतो, वजन वाढतं, लुक जातो. त्यानं आणखीही बरंच केलं होतं. आरसे काढलेले. मागचा मडगार्ड कापलेला. कंपनीचा सायलेन्सर काढून एक आखूड नळकांडं बसवलेलं, ज्याचा आवाज मशिदीपासून पुलापर्यंत जायचा. पुढे दोन जादा दिवे, आणि त्यांच्या वायरी मूळ वायरिंग सोलून, पीळ देऊन, वर टेप गुंडाळून जोडलेल्या. गाडी सजवायला लोक हजारो रुपये खर्च करतात आणि चेनला तेल घालत नाहीत. आमच्या हाती आलेल्या गाडीची चेन लाल गंजलेली होती.

तेव्हा आमचं 'मॉडिफिकेशन' उलट्या दिशेनं सुरू झालं. मूळ सायलेन्सर आणि आरसे त्या पोराच्या माळ्यावर सापडले. साडीगार्ड त्याच्या आईनं भंगारात दिलं होतं. कायदा काय म्हणतो तेही या निमित्तानं वाचलं. मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकेल असं संरक्षण हवं, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ मध्ये लिहिलेलं आहे. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीपासून कलम १८२अ नुसार मालकानं गाडीत केलेल्या प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्या पोराचे बदल मोजले तर गाडीच्या किमतीचा बराच भाग दंडातच गेला असता.

बहादूरशेख नाक्याजवळ एका मिस्त्रीचाचांकडे गाडी नेली. त्यांनी आधी ऑइल सोडलं. दूध घातलेल्या चहासारखं ते खाली आलं. ऑइलमध्ये पाणी गेलं की असंच होतं. नवं भरलं, गाडी थोडी चालवली, तेही सोडलं, मग तिसऱ्यांदा भरलं. पेट्रोलची टाकी रिकामी केली, तळाशी पाण्याचे थेंब आणि गाळाची साय. इंजेक्शनची गाडी असल्यानं पंप टाकीतच, तोही काढून साफ केला. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवलं तर बरोबर मध्यावर ते 'टक' करून अडकायचं. कोनसेटच्या गोळ्या गंजून एकाच जागी खड्डे पडलेले. कोनसेट बदलला. दोन्ही चाकांची बेअरिंग बदलली. फोर्कच्या नळ्यांवर गाळ घासून ऑइल सील गेली होती, तीही बदलली.

सगळ्यात चिवट काम वायरिंगचं. चाचा म्हणाले, "पुराची गाडी इंजिननं मरत नाही भाभी, वायरीनं मरते. आज चालेल, उद्या चालेल, तिसऱ्या दिवशी रानात बंद." एकेक कपलर उघडला की आत तांब्यावर हिरवी बुरशी. ती आम्ही दोघांनी बसून साफ केली, जुन्या टूथब्रशनं आणि फवाऱ्याच्या क्लीनरनं. दोन रविवार गेले. जादा दिव्यांचे पीळ सोडवले, दिवे काढून टाकले.

साडीगार्ड नवं मागवलं, पण ते अडकवायची खालची क्लिपच गायब होती. चाचांनी लोखंडी पट्टी वाकवून, भोकं पाडून ती बनवली. आमच्याकडे बायका डावीकडे पाय टाकून बसतात आणि चेनही डावीकडेच, म्हणून जाळी त्या बाजूला. पट्टी लावताना चाचांनी आपण होऊनच जाळी थोडी पुढे सरकवली, चेनचा दात आणि कापड यांत फट राहू नये म्हणून. त्यांना आम्ही फुफीचं काही सांगितलेलं नव्हतं.

राहिला उंचीचा प्रश्न. सीट ८२३ मिलिमीटर, आणि चालवणारीची उंची पाच फूट दोन इंच. काहीजण सस्पेन्शन खाली आणायला सांगत होते. पण दगडांवर चालायला म्हणून घेतलेल्या गाडीचं पोटच खाली आणायचं हे आम्हाला पटलं नाही. सीटवाल्याकडून फोम दीड इंच कापून घेतला आणि पुढचा भाग अरुंद करून घेतला, म्हणजे मांड्या कमी फाकतात आणि पाय खाली पोचतो. एक तरी पाय पूर्ण टेकायला लागला. पहिल्या महिन्यात आम्ही चारदा पडलो. (पडताना एकच जण पडायचं, उचलायला मात्र धनगरवाडीची निम्मी शाळा यायची.) हळूहळू चढावर उभं राहून चालवायची सवय झाली. गुडघे सैल, हात सैल, गाडीला आपल्याखाली हवं तसं हलू द्यायचं. ओढणी जॅकेटच्या आत, सलवारीच्या पायाला रबर. "ओढणी घालूच नका ना बाई," असं शाळेतल्या एका पोरीनं सुचवलं होतं. तो मुद्दा आम्ही चर्चेसाठी राखून ठेवला आहे.

आता दर रविवारी सकाळी गाडी अंगणात येते. केरोसिन मिळेनासं झालं, म्हणून डिझेलमध्ये ब्रश बुडवून चेन धुवायची, पुसायची, मग ऑइल. चेन किती ढिली ठेवायची यात आम्ही फसलो होतो. उभ्या गाडीवर ती छान ताणून ठेवली, आणि माणूस बसल्यावर ती तारेसारखी ताठ झाली. अशा गाड्यांचं मागचं चाक खूप खाली-वर होतं, आणि ते जसं वर सरकतं तशी चेन आधी ताणत जाते. मॅन्युअलात दिलेला झोल ठेवायचा आणि वर कुणीतरी बसून खात्री करायची. दोघांची गाडी असण्याचा हा फायदा. मग स्पोक. पान्यानं एकेकावर हलकं वाजवत जायचं, घट्ट स्पोक टणत्कार करतो, ढिला असेल तर बद्द आवाज येतो. टायर ट्यूबचे, त्यामुळे एक जादा ट्यूब, दोन लिव्हर आणि पंप नेहमी सोबत. रस्त्यात चाक काढायला पहिल्यांदा दीड तास लागला होता, आता पस्तीस मिनिटं. कच्च्या रस्त्याला लागताना हवा चार-पाच पौंड कमी केली की टायर दगडाला धरतो. त्याहून कमी मात्र करू नये, ट्यूब आत सरकते आणि वाल्व तुटतो. हे आम्ही अनुभवानं सांगतोय.

संप एप्रिल २०२२ मध्ये मिटला, एस.टी. परत सुरू झाली. पण फाट्याच्या पुढचा चढ आहे तिथंच आहे, आणि गाडीही आहे.

अम्मी रविवारी ओट्यावर बसून आमचं काम बघते. बोलत काही नाही. पण रोज सकाळी गाडी निघण्याआधी ती खाली उतरते आणि साडीगार्ड हातात धरून हलवून बघते. पहिले काही महिने आम्हाला वाटायचं, करू दे, तिच्या मनाचं समाधान. मग एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर, तिनं जाळी हलवली आणि म्हणाली, "ही बोलते."

आम्ही वाकून पाहिलं. खालचा बोल्ट दगडांच्या हादऱ्यानं निघून कुठंतरी पडला होता. जाळी वरच्या एकाच बोल्टवर लटकत होती. आदल्या रविवारी चेन झाली होती, स्पोक झाले होते, ऑइल बघून झालं होतं. साडीगार्डचे बोल्ट आमच्या यादीत नव्हते.

त्याच दिवशी नायलॉक नट आणले, थ्रेडलॉक लावून कसले. अम्मी बाजूला उभी होती. "वर पण लाव," म्हणाली. वरही लावला. मग तिनं जाळी पुन्हा हलवून पाहिली, दोन्ही हातांनी, जोर लावून. आवाज आला नाही. तिनं चप्पल काढली, जाळीखालच्या पायपट्टीवर उजवा पाय ठेवला आणि अंगाचा भार टाकून दाबला. हात सीटच्या मागच्या दांडीवर. आम्ही दोघं श्वास धरून उभे.

पाय तिनं खाली घेतला, चप्पल घातली.

"जा आता," ती म्हणाली, "पोरं वाट बघत असतील."