माळ पडीक नसतो

श्रीपूर म्हटलं की लोकांना साखर कारखाना आणि उसाचे फड आठवतात. पण कालव्याचं पाणी जिथं चढत नाही, तिथं माळ सुरू होतो. थंडीतल्या एका रविवारी फज्रची नमाज अदा करून मी त्या माळाला वळसा घालायला निघालो.

पायजम्याला कुसळं चिकटत होती. बोरीखाली पिकल्या बोरांचा सडा पडला होता. एक भोवत्या गवताला जवळजवळ घासतच गेला. हा शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियातून येतो आणि रात्री अशाच गवतात, जमिनीवर मुक्काम करतो.

पलीकडच्या उतारावर एक धनगर काका मेंढरं चारत होते. राम राम झाला. म्हणाले, “गुरुजी, लोकं ह्याला पडीक म्हणत्यात. मग माझी मेंढरं खात्यात काय?”

परतीच्या वाटेवर तो प्रश्न सोबत होता. उर्दूत ‘बंजर’, मराठीत ‘पडीक’. दोन्ही शब्द जमिनीकडे नांगराच्या नजरेनं बघतात. सरकारी नकाशांतही कितीतरी गवताळ माळ पडीक म्हणूनच नोंदले जातात. पडीक म्हटलं की ती जागा कुणाचीच नाही असं वाटतं आणि कुणीही ती मागू शकतं. आपल्याच जिल्ह्यात नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज तिथं माळढोक दिसणं दुर्मीळ आहे.

आमच्या दोन्ही भाषांत दुसरे शब्दही आहेत: ‘चरागाह’ आणि ‘गायरान’. सोमवारी मी ते फळ्यावर लिहिले.