आठ चावलांची रत्ती

रायपूरच्या सदर बाजारात माझे बालपण गेले. नाना एका सराफी पेढीवर मुनीम होते. तेथील वृद्धांच्या तोंडी अजून जुनी वजने असत : आठ चावलांची रत्ती, आठ रत्तींचा मासा, बारा माशांचा तोळा. सोन्याच्या मोजणीचा आरंभ तांदळाच्या दाण्यापासून व्हावा, हे त्या धानाच्या मुलखाला साजेसेच होते. मात्र त्या दाण्याचे मोल ज्यांनी खऱ्या अर्थाने जाणले, ते सराफ नव्हते, वनस्पतिशास्त्रज्ञ होते.

डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया 1959 साली कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले. बुटक्या विदेशी वाणांची आयात घाईने करू नये, त्यांच्यासवे रोगही येतील, असे त्यांचे मत होते. ते त्यांनी सोडले नाही; पद मात्र सोडावे लागले आणि पुढे न्यायालयाची पायरी चढावी लागली. यात हट्ट होता, हे मान्य करावयास हवे. नव्या वाणांनी देशाची कोठारे भरली, हेही खरे. पण मोठ्या संस्थेच्या खुर्चीवरून उतरलेला हा माणूस 1971 मध्ये रायपूरला आला, मध्य प्रदेश भात संशोधन संस्थेचा प्रमुख झाला आणि आयुष्यातले सर्वांत मोठे काम त्याने येथे, तुटपुंज्या साधनांनिशी केले. छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतून सुमारे 19 हजार नमुने गोळा झाले. दुबराज, बादशाहभोग, सांधेदुखीवर देतात तो गठुवन! देशी वाणांतही भरघोस पिकणारे वाण आहेत, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले. धानाचे फुटवे विलग करून लावण्याची रीत शेतकऱ्याला परवडेल अशी बसविली.

त्या वर्षांत आजीने माझ्या हाती एक पुरचुंडी दिली होती. गावाकडच्या दोन एकरांत नानांनी नवे बियाणे पेरावयाचे ठरविले होते. जुन्यातले हे मूठभर 'त्या धानवाल्या साहेबांकडे' पोचवावे, एवढेच तिचे सांगणे. मी चौदा वर्षांचा. सायकलने जायचा कंटाळा केला. पुरचुंडी फडताळात राहिली. तीन पावसाळ्यांनी सोडली, तेव्हा सोंड्याने पोखरलेला भुसा निघाला. तोवर गावात ते धान कोणी पेरीत नव्हते.

सत्तरचे दशक सरता सरता ती संस्थाही बंद झाली. संग्रह कृषी विद्यापीठाकडे गेला. 1996 साली डॉक्टर निवर्तले. 2002 मध्ये तोच संग्रह एका परदेशी कंपनीसाठी खुला होणार असे कळताच रायपुरात लोक रस्त्यावर आले आणि तो करार बारगळला. त्या गर्दीत मीही उभा होतो. घोषणा देताना घसा मात्र दाटत होता.

पुढे एकदा विद्यापीठात जाऊन, आमचे धान दुसऱ्या कोणी दिले असेल काय, अशी चौकशी केली. समोरच्या तरुणाने आस्थेने नोंदवही उघडली आणि वाणाचे नाव विचारले.

आजी त्याला नुसते 'घरचे धान' म्हणत असे.